धर्मपिता-धर्ममाता कोणाला करायचं? बाप्तिस्म्याआधी गावाकडून येणारे नेहमीचे प्रश्न

कापसाचा चुकारा हाती पडला की विदर्भातल्या मिशनच्या गावांमध्ये बाप्तिस्म्यांची गडबड सुरू होते. पाहुण्यांची यादी होते, मटणाचा हिशोब लागतो, मंडपवाल्याला इसार जातो, आणि विधी दोन दिवसांवर आला असताना कोणाच्या तरी लक्षात येतं की धर्मपिता कोण ते ठरलंच नाही. मग कॅटेकिस्टला, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षकाला, फोन. त्या फोनांवर जे सांगावं लागतं तेच इथे जरा सवडीनं लिहिलं आहे. नियम जिथे सांगितला आहे तो कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्यातला. बाकी मत आमचं.

धर्मपिता-धर्ममातेचं काम नेमकं काय असतं?

कायद्यात दोनच गोष्टी लिहिल्या आहेत. आईबापांसोबत बाळाला बाप्तिस्म्यासाठी पुढे आणायचं, आणि पुढे त्या बाळाला ख्रिस्ती म्हणून जगायला मदत करायची (कलम ८७२). पहिलं काम तासाभरात आटोपतं. दुसऱ्याला मुदत नाही.

हे दुसरं काम गावात कसं असतं ते पाहा. खरीप निघाला की मेळघाटातली कितीतरी कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात. कोणी वीटभट्टीवर जातं, कोणी पुण्याकडे बांधकामावर. लेकरू आजीजवळ राहतं. आजीचे गुडघे धरलेले, चर्च दोन कोसांवर. अशा वेळी धर्मपित्यानं रविवारी गाडीवर लेकराला पुढे बसवून मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) न्यावं, नंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात बसवावं आणि घरी आणून सोडावं. क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, रोझरी हे सगळं आजी शिकवेलच असं धरून चालू नये. पहिल्या कम्युनियनची, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर (परमप्रसाद) पहिल्यांदा घेण्याची, नावं वाचली जातात तेव्हा आपल्या लेकराचं नाव आहे का, नसलं तर का नाही, हे फादरांना जाऊन विचारणारं माणूस म्हणजे धर्मपिता. घरात दारू शिरली असेल तर बापाला चार शब्द सुनावण्याचा हक्कही त्याला असतो. भावाचं न ऐकणारा बाप कधीकधी लेकराच्या धर्मपित्याचं ऐकतो.

धर्मशिक्षणाची पहिली जबाबदारी अर्थातच आईबापांची. ती धर्मपित्यावर ढकलता येत नाही.

"जावळ मामाच्या मांडीवर, मग बाप्तिस्म्यालाही मामाच लागते ना जी?"

नाही. नात्याची कुठलीही अट नाही. मनाई आहे ती फक्त खुद्द आईला आणि बापाला. मामा, काका, आत्या, आजोबा, शेजारीण, शाळेतल्या बाई, अटीत बसणारं कोणीही चालतं.

पण प्रश्न एवढ्यावर सुटत नाही, कारण आपल्याकडे एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन धर्म नांदतात. बाप कॅथलिक, आई बौद्ध घरातून आलेली, तिचा भाऊ गावच्या विहारातला कार्यकर्ता. त्या मामाला धर्मपिता करता येत नाही. कारण साधं आहे. विधीत धर्मपित्याला पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्यावरचा आपला विश्वास सगळ्यांसमोर बोलून दाखवावा लागतो. जो विश्वास त्याचा नाही तो त्याच्या तोंडून वदवून घेणं हा चर्चचा अपमान तर आहेच, त्या मामाचाही आहे.

हे त्याला विधीच्या दिवशी चर्चच्या पायरीवर सांगू नका. आधी घरी जाऊन, चहा पिता पिता सांगा. बाळाचे कपडे त्यानं आणावेत, जेवणाला पहिलं पान त्याचं वाढावं, फोटोत तो बाळाच्या शेजारी बसावा. यातल्या कशालाच चर्चची हरकत नाही. रुसवा धरतात ते बहुतेक वेळा नियमामुळे नाही, तो नियम ऐनवेळी कळल्यामुळे.

मामा प्रोटेस्टंट असेल तर गोष्ट वेगळी. अमरावती-अकोल्याकडे अलायन्सची मंडळी आहेत, यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट, नागपूरला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). सोयरिकी होतातच. असा बाप्तिस्मा झालेला मामा ख्रिस्ती साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो, मात्र सोबत एक कॅथलिक धर्मपिता किंवा धर्ममाता हवीच. रजिस्टरमध्ये त्याचं नाव साक्षीदार म्हणूनच लागतं. ऑर्थोडॉक्स माणसाला याहून थोडी अधिक मुभा आहे, तो कॅथलिक धर्मपालकाच्या (धर्मपिता किंवा धर्ममातेच्या) जोडीनं धर्मपिता होऊ शकतो. कळमेश्वरला त्यांची सेमिनरी असल्यामुळे नागपूरकडच्या लोकांना हा प्रश्न कधीमधी पडतो.

अटी कोणत्या?

वय १६ पूर्ण. कॅथलिक असावा. दृढीकरण (विश्वासात पक्कं करणारा, तेलाच्या अभिषेकाचा संस्कार) झालेलं असावं, परमप्रसाद घेतलेला असावा. त्याचं जगणं विश्वासाला आणि घेतलेल्या जबाबदारीला शोभेल असं असावं. चर्चनं शिक्षा म्हणून बाजूला ठेवलेला नसावा. आणि काम करायची त्याची स्वतःची तयारी हवी (कलम ८७४).

शेवटची अट लोक विसरतात. पत्रिकेत नाव छापून झाल्यावर माणसाला कळवलं जातं, आणि मग भिडेखातर तो नाही म्हणत नाही.

वयाच्या बाबतीत योग्य कारण असेल तर फादर सूट देऊ शकतात. पंधरा वर्षांची मावसबहीण रोज लेकरू सांभाळते, दृढीकरण झालेलं आहे, तर विचारून पाहा.

दोघं लागतातच का? नवरा-बायकोच पाहिजेत का?

एक पुरे. दोन करायचे तर एक पुरुष, एक स्त्री. दोन धर्मपिते किंवा दोन धर्ममाता चालत नाहीत. ते नवरा-बायको असावेत असं नाही, असले तरी चालतं. गावाकडे चार-चार, सहा-सहा जणांची नावं पुढे करायची हौस दिसते. रजिस्टरमध्ये दोनच रकाने असतात.

नागपूरच्या साहेबांना केलं तर? लेकराचं भलं होईल.

नियमात बसत असतील तर करा. आमचं मत विचाराल तर करू नका.

असे साहेब बाप्तिस्म्याला गाडीनं येतात, बाळाच्या हातात पाकीट ठेवतात, जेवून जातात. मग दहा वर्षांनी लेकरू पहिल्या कम्युनियनला उभं राहतं तेव्हा त्यांना त्याचं नावही आठवत नाही. साहेब वाईट असतात असं नाही. ते लांब असतात. त्यांच्याकडून ज्याची आशा आपण धरतो, नोकरी, शाळेतला प्रवेश, चार पैसे, त्याचा बाप्तिस्म्याशी काही संबंधही नसतो. इटलीतल्या कातानिया आर्चडायोसिसमध्ये (आर्चबिशपच्या धर्मप्रांतात) तर ही पद्धत नुसत्या ओळखीपाळखीची झाली म्हणून २०२१ मध्ये तीन वर्षांसाठी धर्मपालक नेमणंच थांबवलं होतं. तिकडे माफियांचा प्रश्न होता, इकडे तसं नाही, पण रोग एकाच जातीचा.

निवडताना एवढंच पाहा. रविवारी मिस्साला कोण दिसतं? लेकरू आजारी पडलं तर रात्री कोणाच्या दारावर थाप मारता येईल? सोयाबीनच्या गंजीला आग लागली तर धावून कोण येईल? त्याच माणसाला विचारा. ती शेतमजूर बाई असेल, सही करताना अंगठा उठवणारी असेल, तरी चालेल. शिक्षणाची अट कायद्यात कुठेही नाही.

ज्याचं लग्न चर्चमध्ये झालं नाही तो चालतो का?

बहुधा नाही, आणि इथेच सर्वांत जास्त मनं दुखावतात. पळून जाऊन कोर्टात लग्न केलेलं असतं, पोरंबाळं झालेली असतात, माणूस चर्चला नियमानं येतो, गायनात पुढे असतो. त्याला नाही म्हटलं की सगळं गाव फादरांवर रागावतं. अडचण त्याच्या चांगुलपणाची नसते. कॅथलिक माणसाचं लग्न चर्चच्या रीतीनं झालेलं नसेल तर तो परमप्रसाद घेऊ शकत नाही, आणि मग 'विश्वासाला शोभेल असं जगणं' या अटीत अडकतो.

वाट असते. बऱ्याचदा ते लग्न चर्चमध्ये नियमित करून घेता येतं, दोघांचंही आधी दुसरं लग्न झालेलं नसेल तर फार अवघड जात नाही. त्यासाठी तीन-चार महिने आधी फादरांना भेटावं लागतं. बाप्तिस्म्याच्या निमित्तानं मामाचं अडकलेलं लग्न मार्गी लागलं, असं होतं.

आणि बाळाच्या आईबापांचंच लग्न चर्चमध्ये झालेलं नसेल तर?

बाळाचा बाप्तिस्मा त्यामुळे थांबत नाही. आई किंवा बाप, दोघांपैकी एकाची संमती हवी, आणि लेकरू कॅथलिक म्हणून वाढेल याची भरवसा ठेवण्याजोगी आशा हवी (कलम ८६८). अशा घरात ती आशा पुष्कळदा धर्ममातेकडे पाहूनच धरली जाते. म्हणून तिथे फादर धर्मपालकांबद्दल जरा जास्त चौकशी करतात. एकट्या आईचं बाळ असेल तरी हेच.

विधीत उभं राहून काय करायचं असतं?

फार काही नाही, पण जे आहे ते माहीत असावं. मोबाईलवर शूटिंग करत उभा असलेला धर्मपिता उत्तर द्यायची वेळ आली की फादरांच्या तोंडाकडे पाहत राहतो, मागून कॅटेकिस्ट "आहोत म्हणा, आहोत" असं कुजबुजतो. हे दृश्य ज्यानं पाहिलं नाही तो गावातल्या बाप्तिस्म्याला गेलाच नाही.

सुरुवात चर्चच्या दाराशी होते. फादर आईबापांना विचारतात, बाळाचं नाव काय आणि चर्चकडे काय मागता. मग धर्मपालकांकडे वळून विचारतात, या आईबापांना त्यांच्या कर्तव्यात मदत करायला तयार आहात का. इथे मोठ्यानं हो म्हणायचं. नंतर फादर बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात, त्यांच्यामागून आईबाप करतात, आणि मग धर्मपालक. अंगठ्यानं, हलकेच.

वाचन, प्रार्थना झाल्यावर पाण्याजवळ जायचं. सैतानाचा आणि त्याच्या कामांचा त्याग करता का, देवपित्यावर, येशू ख्रिस्तावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का, अशी प्रश्नांची माळ असते. बाळ बोलू शकत नाही म्हणून आईबाप आणि धर्मपालक आपला स्वतःचा विश्वास बोलून दाखवतात. पाणी ओतताना बाळाला सहसा आई धरते. काही ठिकाणी धर्ममाता धरते, गावची रीत पाहा. मग डोक्याला क्रिज्माचं (अभिषेकाचं पवित्र) तेल, पांढरं वस्त्र, आणि पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली लहान मेणबत्ती. ती पेटवायचं काम बापाकडे किंवा धर्मपित्याकडे असतं. पंखे बंद करायला आधीच सांगून ठेवा.

आणि एक. बाप्तिस्मा फादर देतात, आपण सगळे मिळून नाही. "आम्ही तुला बाप्तिस्मा देतो" असे शब्द वापरले तर तो बाप्तिस्मा धरला जात नाही, असं व्हॅटिकननं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

नाव आत्या ठेवते. ते विधीत कुठे बसतं?

विधीत फादर नाव आईबापांना विचारतात. बारशाला आत्यानं कानात कुर्रर्र करून ठेवलेलं नाव तेच तर प्रश्नच मिटला. संताचं नाव असलंच पाहिजे अशी सक्ती नाही, ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावं एवढंच (कलम ८५५). नाव ठेवण्याचा अधिकार धर्मपालकांना नाही.

पण एक काळजी घ्या. घरी आकाश, जन्मदाखल्यावर आकाशकुमार, चर्चच्या रजिस्टरमध्ये नुसतं अँथनी, असं करून ठेवू नका. पंचवीस वर्षांनी लग्नाच्या वेळी आधार आणि बाप्तिस्म्याचा दाखला जुळवताना रडकुंडीला येतात लोक. ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर जे नाव आहे तेच लिहा, संताचं नाव हवं असेल तर त्याला जोडून.

धर्मपालकांनी काय द्यायचं असतं? खर्च कोणाचा?

चर्चच्या कायद्यात एका रुपयाचाही उल्लेख नाही. पांढरं वस्त्र आणि मेणबत्ती धर्मपालकांनी आणायची रीत पुष्कळ ठिकाणी आहे, ती चांगली आहे आणि परवडते. चांदीचा क्रूस, सोन्याचा डाग, आईला साडी, बापाला कपडे ही पुढची वाढ आपण केली. तिच्यापायी गरीब माणूस नको म्हणतो आणि पैसेवाला हो म्हणतो, म्हणजे निवड उलटीच होऊन बसते. चर्चला द्यायच्या देणगीचंही तसंच. डायोसिसनं जी ठरवली असेल ती. द्यायला पैसे नाहीत म्हणून कोणाचा संस्कार अडवू नये, असं कायद्यातच आहे (कलम ८४८).

जेवणावळीसाठी बाप्तिस्मा वर्षभर पुढे ढकलणं मात्र बरोबर नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा व्हावा ही आईबापांची जबाबदारी आहे. पेरणीच्या दिवसांत बाळ झालं, हातात पैसा नाही, तर रविवारच्या मिस्सात बाप्तिस्मा उरका, चहा-बिस्किटं वाटा, आणि कापूस निघाल्यावर जेवण घाला.

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले. तिकडे काही वेगळं आहे का?

आहे, आणि लोकांना सहसा माहीत नसतं. नागपूर आणि अमरावती डायोसिस लॅटिन (रोमन) रीतीचे आहेत. चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा हे जिल्हे चांदा डायोसिसमध्ये येतात, तो सिरो-मलबार रीतीचा (केरळातल्या पौर्वात्य कॅथलिक परंपरेचा), मुख्यालय बल्लारपूरला. त्यांना पौर्वात्य चर्चेसचा १९९० चा कायदा लागू. धर्मपालकांच्या अटी जवळपास सारख्याच, पण दोन फरक लक्षात ठेवण्यासारखे.

एक, तिथे आता साधारणपणे बाप्तिस्म्यासोबतच बाळाला दृढीकरणाचा अभिषेक होतो. लॅटिन रीतीत तो शाळकरी वयात वेगळा होतो, आणि तेव्हा शक्यतो बाप्तिस्म्याचेच धर्मपालक सोबत उभे राहावेत अशी अपेक्षा असते.

दोन, पौर्वात्य कायद्यात धर्मपालक आणि ते लेकरू, तसंच धर्मपालक आणि लेकराचे आईबाप, यांच्यात आध्यात्मिक नातं जडतं आणि ते लग्नाच्या आड येतं (कलम ८११). म्हणजे बाळाची आई विधवा झाली आणि पुढे बाळाच्या धर्मपित्याशी तिचं लग्न ठरलं, तर आधी चर्चकडून सूट घ्यावी लागते. लॅटिन चर्चमध्येही लेकरू आणि धर्मपालक यांच्या बाबतीत पूर्वी असा अडसर होता, १९८३ च्या कायद्यानं तो काढला.

धर्मपिता पुण्याला कामावर आहे, सुट्टी मिळत नाही. व्हिडिओ कॉल चालेल?

व्हिडिओ कॉलवरून नाही. त्याच्या वतीनं गावातलं कोणीतरी प्रतिनिधी म्हणून उभं राहू शकतं, फादरांना आधी कळवून. रजिस्टरमध्ये नाव पुण्यातल्या धर्मपित्याचंच लागतं.

धर्मपित्याशी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) भांडण झालं. नाव बदलता येतं का?

नाही. रजिस्टरमध्ये त्या दिवशी कोण उभं होतं त्याची नोंद असते, ती खोडता येत नाही. धर्मपिता वारला, धर्म सोडून गेला, जेलमध्ये गेला, तरी नाव तेच. दृढीकरणाच्या वेळी दुसरं माणूस निवडता येतं. आणि धुऱ्याचं भांडण तलाठ्याकडे न्यावं. लेकराला त्याच्या धर्मपित्याच्या घरी जायला बंदी घालणाऱ्या बापाला खरं तर कॅटेकिस्टनंच जाऊन भेटायला हवं.

आईबाप गेले तर लेकराचा ताबा धर्मपित्याला मिळतो का?

नाही. सरकारी कायद्यात धर्मपित्याला काहीही स्थान नाही. पालक नेमायचा अधिकार १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली कोर्टाला आहे, दत्तक घ्यायचं तर त्याची प्रक्रिया निराळी. जमिनीत वाटा, वारसा, काही नाही.

कोणीच मिळत नसेल तर?

कायदा 'शक्य असेल तोवर' असं म्हणतो. धर्मपालक नसला म्हणून बाप्तिस्मा खोटा ठरत नाही. निदान बाप्तिस्मा झाल्याचं सांगणारा एक साक्षीदार असावा. पण दोन-तीनशे उंबऱ्यांच्या गावात कोणीच मिळत नाही असं म्हणणाऱ्यानं चर्चमध्ये बसणाऱ्या म्हाताऱ्या बायांकडे एकदा पाहावं. आजीबाई धर्ममाता म्हणून चालतात.

बाळ अत्यवस्थ आहे, फादर पोहोचू शकत नाहीत. काय करायचं?

धर्मपालक शोधत बसू नका. बाळाच्या डोक्यावर तीनदा साधं पाणी ओता आणि ओतता ओतता म्हणा: "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." पाणी ओतणाऱ्यानंच हे शब्द म्हणायचे. हे काम आजी करू शकते, आशाताई करू शकते, सरकारी दवाखान्यातली नर्स करू शकते. ती ख्रिस्ती नसली तरी चालतं, चर्च जे करतं तेच करायचा तिचा हेतू असला म्हणजे झालं. पावसाळ्यात नाल्याला पूर आल्यावर ज्या गावांचा रस्ता तुटतो तिथल्या प्रत्येक कॅथलिक घरात हे वाक्य पाठ असावं.

बाळ वाचलं तर पुन्हा बाप्तिस्मा होत नाही. चर्चमध्ये आणून तेलाचा अभिषेक, वस्त्र, मेणबत्ती हे राहिलेले विधी पूर्ण करतात, धर्मपालक तेव्हा उभे राहतात, आणि नोंद होते. पाणी कोणी ओतलं, कधी, कुठे, हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा.

कागदपत्रं कोणती लागतात?

बाळाचा जन्मदाखला, आईबापांच्या लग्नाचा चर्चचा दाखला, आणि धर्मपालक दुसऱ्या पॅरिशचे (दुसऱ्या चर्चच्या हद्दीतले) असतील तर त्यांच्या फादरांचं पत्र. पत्रात दृढीकरण झाल्याचा उल्लेख हवा. आईबाप आणि धर्मपालकांसाठी विधीआधी एक तयारीचा वर्ग असतो, तो चुकवला तर तारीख पुढे जाते. विधी झाल्यावर रजिस्टरमधली आपली नावं डोळ्यांनी वाचून घ्या, विशेषतः आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ आणि जन्मतारीख. चूक शाई वाळायच्या आत दुरुस्त होते, नंतर डायोसिसच्या ऑफिसला अर्ज करावा लागतो.